विमान डोलते, की हात?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हां चौघां मित्रांचा मुक्काम बहुधा हिमायतनगरातील एका घराच्या माडीवरच असे. तेथे संगणकावर विमानचालनाचा सराव चालतो. त्यास खेळ म्हणावे की अभ्यास, याविषयी त्या घरात अद्यापि एकमत नाही. फ्लाइटगिअर ही प्रणाली हौशी जाणकारांनी घडविलेली असून १९९७ पासून विनामूल्य मिळते. आमचे विमान सेसना १७२ आणि धावपट्टी बेगमपेटची. मार्च २००८ मध्ये प्रवासी विमाने शमशाबादेस गेली; त्यामुळे वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली बेगमपेटची वर्दळ आम्हांस पडद्यावरच उभी करावी लागते.

परंतु आमचे विमान काही केल्या स्थिर राहीना. पूर्वेकडे झेप घेऊन सिकंदराबादची घरे दिसू लागतात न लागतात, तोच नाक वर जाई, मग खाली, पुन्हा अधिकच वर, आणि अखेर आदळणे ठरलेले. तेव्हा आमच्यातील एकाने तोड काढली. या प्रणालीत विमानाचे गुणधर्म साध्या मजकुराच्या स्वरूपात लिहिलेले असतात. त्यांतील नाकाच्या डोलण्यास विरोध करणारा आकडा त्याने चांगला तिप्पट केला. विमान शहाण्या बैलासारखे चालू लागले आणि आम्ही टाळ्या पिटल्या. उतरताना मात्र नाक वर उचलेचना!

आमचे स्पष्ट मत असे की, ही दुरुस्ती नव्हे. गणित चुकले म्हणून पुस्तकातील उत्तरच खोडण्याचा हा प्रकार आहे. आमच्यातील एकास खरोखरीच वैमानिक व्हावयाचे आहे. खोट्या विमानावर बसलेले वळण पुढे खऱ्या विमानात मोडावे लागले, तर त्या सरावाचा उपयोग काय?

मूळ आकडा परत घालून आम्ही प्रथम वजनाकडे पाहिले. कागदी बाणाच्या टोकाला एक टाचणी लावून पाहावी: टाचणीविना तो बाण वर उसळून गडगडतो, टाचणीसह सरळ जातो. गुरुत्वमध्य पुढे असला, तर वाऱ्याच्या झुळुकीने वर गेलेले नाक शेपटीच्या योगे आपोआप खाली येते. तो फार मागे सरकला की नाक वर जाऊ लागताच अधिकच वर जाते. आमच्या विमानात मागची आसने भरलेली होतीच, शिवाय सामानाच्या खान्यात कोणीतरी गमतीने भरमसाट वजन ठेवले होते. ते काढताच निम्मा त्रास गेला.

मग जॉयस्टिकची पाळी आली. हात न लावताही तिचा दर्शक पडद्यावर थरथरत होता. आतील घासलेल्या भागांचा हा प्रताप. मधोमध थोडीशी हालचाल दुर्लक्षावी, आणि पुढेही दांड्याच्या लहान हालचालीस लहानच प्रतिसाद मिळावा, अशी योजना केल्यावर तीही बरीच शांत झाली.

उरले आमचे हात. याचा शोध लागण्यास सर्वांत अधिक दिवस गेले, कारण आपल्या हातावर संशय कोण घेतो? विमान समपातळीत आणून ट्रिमचे चाक जुळवावे व दांडा सोडून द्यावा. एरव्ही झटपट होणारे डोलणे हात सोडताच थांबले, तर दोष बहुधा हाताचा. संगणक मंद असला की चित्र क्षणभर उशिरा बदलते, आपण उशिरा दांडा ओढतो, मग घाबरून उलटा ढकलतो, आणि झोका वाढतच जातो. याउलट अर्ध्या मिनिटाच्या आसपास एक फेरा घेणारे, वेगासह संथपणे वरखाली होणारे हेलकावे हा विमानाचा स्वभावच होय. लँचेस्टर या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यास १९०८ मध्ये फ्युगॉइड असे नाव दिले. त्याचा पाठलाग न केल्यास सेसनासारख्या विमानात तो हळूहळू विरतो.

आकडा बदलणाऱ्या मित्राने यावर तेजसचा दाखला दिला. ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडालेले हे विमान चपळतेसाठी हेतुपुरस्सर अस्थिर ठेवलेले असून संगणकच त्यास सावरून धरतात. मग आम्हीच साहाय्य का नाकारावे? प्रश्न बिनतोड वाटला खरा. तथापि तेजसच्या अभियंत्यांना आपले विमान किती अस्थिर आहे, हे नेमके ठाऊक होते. त्या मापानेच त्यांनी उपाय योजला. आम्हांस तर खान्यातील सामानाचाही पत्ता नव्हता!

हा वाद अजून मिटलेला नाही. मात्र मूळ आकडे कायम ठेवून त्याच मित्राने परवा तिसऱ्या प्रयत्नात बेगमपेटच्या धावपट्टीवर विमान सुखरूप टेकविले. जॉयस्टिक अधूनमधून थरथरतेच. नव्या जॉयस्टिकसाठी वर्गणी किती काढावी, याची बोलणी चालू आहेत.