घरगुती चित्रपोथ्या

गेल्या श्रावणांत आमचे धाकटे बंधु आमच्याकडे आले व म्हणाले, "दादा, तुम्ही शिक्षक होतां. तुमचें ती ऐकेल. तिला चार शब्द सांगा." ती म्हणजे आमची पुतणी. चित्रकलेची पदवी घेऊन तिला वर्ष झालें. पुण्याच्या एका कचेरींत मिळत असलेली नोकरी तिनें पुढें ढकलिली, आणि शिकवण्या करून जमविलेल्या पैशांतून २,८०० रुपये एका चित्रकथेच्या छपाईस घातले. लेखक ती, चित्रकार ती, प्रकाशक ती आणि विक्रेतीही तीच. बंधूंच्या मतें हा निव्वळ पोरखेळ होता. आम्हीं चार शब्द सांगण्याचें कबूल केलें. परंतु निकालापूर्वीं पुरावा पाहावा, या न्यायानें पुस्तिका मागवून घेतली.

विषय मारबतीचा. नागपूरकरांस मारबत समजावून सांगण्याची गरज नाहीं. परगांवच्या वाचकांसाठीं एवढेंच सांगतों कीं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं येथें काळी व पिवळी अशा दोन मारबतींची मिरवणूक निघते आणि त्यांच्यासवें बडगे निघतात. त्या वर्षीं ज्या गोष्टीनें लोकांस छळलें असेल तिचा पुतळा करावयाचा, त्यावर पाट्या लावावयाच्या व गांवभर हिंडवून शेवटीं जाळावयाचा. बडगा म्हणजे व्यंगचित्रच. तें कागदाऐवजीं बांबू व कापडाचें, इतकेंच. पुतणीच्या कथेंत एक मुलगा बापानें केलेल्या बडग्याच्या प्रेमांत पडतो आणि तो जाळूं नये म्हणून माळ्यावर दडवून ठेवतो. शेवट सांगत नाहीं. पुस्तिका वाचून आम्हीं चष्मा पुसला, इतकें कबूल करतों.

मग ती केली कशी हें विचारूं लागलों, आणि येथें आमच्यांतील मास्तर जागा झाला. नेहमीच्या आकाराच्या कागदाचे चार ताव मधोमध दुमडले, घडीवर दोन पिना मारल्या कीं सोळा पानांची पुस्तिका होते. परंतु छापतांना पानें क्रमानें येत नाहींत. सर्वांत बाहेरच्या तावावर एका अंगास १६ व १, पाठीमागें २ व १५. पुढच्यावर १४ व ३. कोणत्याही जोडीची बेरीज १७. हें आम्हांस इतकें आवडलें कीं शेजारच्या मुलांस बोलावून कोरे कागद दुमडून दाखविलें. पुतणीनें प्रथम अठरा पानें काढलीं होतीं. अठरास चारांनीं भाग जात नाहीं. तेव्हां एक तर दोन कोरीं सोडून वीस करावयाचीं, नाहीं तर दोन गाळावयाचीं. तिनें दोन गाळलीं. कोणतीं, असें विचारतां म्हणाली, "काका, ज्यांत मुलगा आपल्याला काय वाटतं तें बोलून दाखवीत होता, तीं." गाळलेलीं पानें आम्हीं पाहिलीं. तिचें बरोबर होतें.

देवनागरीची एक अडचण आम्हांस ठाऊक नव्हती. पात्रांचें बोलणें ज्या फुग्यांत लिहावयाचें, त्यांत आपली लिपी रोमन लिपीपेक्षां अधिक जागा मागते. शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा व रफार, खालीं उकार, म्हणून दोन ओळींत अंतर ठेवावें लागतें. यंत्रावरील अक्षरें कधीं कधीं छपाईच्या वेळीं फुटतात व जोडाक्षराचे पाय मोडून बाजूस पडतात. म्हणून तिनें सर्व मजकूर हातानें लिहिला. अक्षर सुरेख, ऱ्हस्वदीर्घ मात्र आमच्या स्वाधीन. 'धडाम', 'खडखड', 'टण्ण' असे शब्द चित्राएवढे मोठे काढलेले पाहून प्रथम आम्हीं नाक मुरडलें. नंतर स्मरलें कीं प्रत्यक्ष पाणिनीनें अशा अव्यक्त ध्वनींच्या अनुकरणासाठीं संधीचा स्वतंत्र नियम केला आहे. 'पटत्' आणि 'इति' मिळून 'पटिति' होतें. ज्यास पाणिनीनें सूत्रांत जागा दिली, त्यास आम्हीं फुग्याबाहेर जागा न द्यावी हें बरें नव्हे.

आतां हिशेब. शंभर प्रतींस २,८०० म्हणजे प्रत २८ रुपयांस पडली. किंमत ५० ठेविली. दुकानदार ४० टक्के घेतो, म्हणजे २० रुपये गेले, उरले ३०, नफा २ रुपये. आणि तेहि प्रत विकल्यावर मिळावयाचे. हजार प्रती काढल्या तर छपाई बरीच स्वस्त पडते, परंतु नऊशें प्रती माळ्यावर बडग्याशेजारीं पडतात. म्हणून या धंद्यांतील लोक स्वतः खांद्याला पिशवी लावून विकतात, त्यांत हौस कमी व अंकगणित जास्त. इ. स. १९६८ मध्यें अमेरिकेंत सान फ्रान्सिस्को शहरीं रॉबर्ट क्रंब नांवाच्या चित्रकारानें 'झॅप कॉमिक्स'चा पहिला अंक लहान मुलाच्या ढकलगाडींत घालून रस्त्यावर विकला. टोकियोंत १९७५ सालीं अशा हौशी मंडळांनीं आपापल्या पुस्तिका विकण्यासाठीं मेळावा भरविला. पहिल्या वेळीं ३२ मंडळें होतीं, पुढें तो जगांतील अशा मेळाव्यांत अग्रगण्य झाला. पुतणीनें मारबतीच्याच दिवशीं पिशवी घेऊन गर्दींत शिरून चाळीस प्रती विकल्या. बडगे बांधणाऱ्या एका कारागिरानें प्रत विकत घेऊन तेथेंच चाळली व सांगितलें कीं तिसऱ्या पानावरची बांबूची गांठ चुकली आहे, अशी बांधली तर पुतळा चौकापर्यंत टिकणार नाहीं. दुसऱ्या आवृत्तींत ती सुधारावयाची आहे.

बंधूंचा मुख्य आक्षेप असा कीं, हें आपल्यासारख्यांचें काम नव्हे. यावर आम्हांस एक शिक्षक आठवतात. जिनीव्हा येथील रोडोल्फ टोप्फर. बाप चित्रकार, मुलास नेत्रविकारामुळें चित्रकाराचा पेशा धरतां आला नाहीं, म्हणून तो शिक्षक झाला व त्यानें मुलांचें वसतिगृहयुक्त विद्यालय चालविलें. विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठीं तो चित्रांच्या ओळी व खालीं मजकूर अशा कथा काढी. त्या वह्या महाकवि गटेच्या हातीं गेल्या व त्यानें त्यांची तारीफ केली. तेव्हां कोठें गुरुजींस धीर आला आणि १८३३ त त्यांनीं पहिली कथा शिळेवर छापविली. विशेष प्रकारच्या कागदावर सरळ लिहून तें शिळेवर उतरवावयाचें, म्हणजे अक्षरें उलटीं काढण्याचा त्रास नाहीं व खर्चहि थोडा. याच सुमारास, १८३१ त, मुंबईस गणपत कृष्णाजींनीं शिळाछापाचें पंचांग काढलें. साधन तेंच होतें. तिकडे त्यावर थट्टा छापली गेली, इकडे तिथि. चित्रें दाखवून कथा सांगणारे आपल्याकडे नव्हते असें मात्र नाहीं. मुद्राराक्षसांतील चाणक्याचा हेर यमपट घेऊन घरोघर हिंडतो, हर्षचरितांत बाजारपेठेंत मुलांच्या घोळक्यांत यमपट दाखविणारा भेटतो, आणि सिंधुदुर्गांतील पिंगुळीचे ठाकर लोक चित्रकथीच्या पोथ्या अजून जतन करून आहेत.

हें सारें पांडित्य आम्हांस वर्गांत सुचलें नाहीं, हें सांगितलें पाहिजे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं, आठवीच्या वर्गांत संस्कृताच्या तासाला, शेवटच्या बाकावर एक मुलगा मांडीवर वही ठेवून कांहीं काढीत होता. आम्हीं वही ओढून घेतली. चौकटी आंखून आठनऊ पानांची कथा त्यानें रचिली होती आणि तींत एके ठिकाणीं चार रेघांत आमची छत्री व छत्रीखालीं आम्ही. आम्हीं ती वही वर्गासमोर फाडली. त्या वेळीं शिस्तीसाठीं फाडली असें आम्हीं स्वतःस सांगितलें. खरी गोष्ट अशी कीं, चित्र वाईट असतें तर आम्ही हंसून सोडून दिलें असतें. तें हुबेहूब होतें. मुलगा रडला नाहीं. त्यानें तुकडे गोळा करण्याची परवानगी मागितली, व तीहि आम्हीं दिली नाहीं. त्याचें नांव आम्हांस आठवतें. येथें लिहीत नाहीं.

विजयादशमीस पुतणी म्हणाली, "काका, पुस्तकं विकायची कशी तें बघायचं असेल तर दीक्षाभूमीवर चला." साठांहून अधिक वर्षें नागपुरांत काढलीं, दर दसऱ्यास सोनें वाटीत अर्धें शहर पालथें घातलें, परंतु त्या दिवशीं दीक्षाभूमीवर आम्ही एकदांहि गेलों नव्हतों. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, त्या वर्षींच्या विजयादशमीस, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं तेथें आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली हें आम्ही परीक्षेसाठीं लिहवून घेत असूं. तेथें पुस्तकांच्या दुकानांची रांग किती लांब असते, हें मात्र ठाऊक नव्हतें. दूरच्या गांवांहून आलेलीं माणसें, हातांत भाकरीचें गाठोडें, आणि त्या गाठोड्यांत दहावीस रुपयांच्या पुस्तिका जाऊन पडत होत्या. मुलांसाठीं बाबासाहेबांचें सचित्र चरित्र, एकदोन फर्म्यांचीं व्याख्यानें, गीतें. एक गृहस्थ सतरंजीवर स्वतः लिहिलेली, स्वतःच्या खर्चानें छापलेली एकच पुस्तिका मांडून बसले होते. किती वर्षें येतां, असें विचारतां म्हणाले, "मोजलीं नाहींत, गुरुजी." आम्ही गुरुजी हें त्यांनीं कसें ओळखलें कोण जाणे. आमच्या घरीं ज्या गोष्टीची दोन महिने चिकित्सा चालली होती, ती आमच्या घरापासून तीन मैलांवर कित्येक वर्षें बिनबोभाट चालली होती.

घरीं परतल्यावर पुतणीनें आपल्या कपाटांतून 'भीमायन' काढून दिलें. दिल्लीच्या नवयान या लहानशा प्रकाशनसंस्थेनें २०११ त तें इंग्रजींत काढलें. मजकूर श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचा, चित्रें मध्यप्रदेशांतील परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांचीं. त्यांनीं चौकोनी चौकटी वापरल्याच नाहींत. गोंडांच्या घरीं भिंतीवर व अंगणांत जो मंगल डिग्ना रेखतात, तो पानावर वळवून प्रसंग वेगळे केले. मायेचें बोलणें पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यांत, विषारी बोलण्याच्या फुग्यास विंचवाची नांगी. वाचतां न येणाऱ्या मनुष्यासहि कोण कसें बोलतें हें कळावें! पुस्तकाच्या आरंभीं पाण्याचा विषय आहे. साताऱ्याच्या शाळेंत बाळ भीमास नळास हात लावण्याची बंदी. शिपायानें तोटी सोडावी तेव्हां तहान भागावयाची, शिपाई नसला तर तहानलेलेंच राहावयाचें, हें बाबासाहेबांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. तीं पानें पाहतां पाहतां त्या शाळेचे मास्तर कोठें उभे आहेत हें आम्ही शोधूं लागलों. त्या रात्रीं झोंप उशिरा लागली.

बंधूंस आम्हीं सहा महिन्यांनीं हिशेब दाखविला. हातोहात ७१ प्रती गेल्या. दुकानांत दहा ठेविल्या त्यांपैकीं तीन. मिळून ३,६४० रुपये आले, छपाई वजा जातां ८४० उरले. "सहा महिन्यांचे आठशें चाळीस?" असें ते म्हणाले, आणि तें खोटें नाहीं. पुण्याच्या नोकरीचा प्रश्न अजून मिटलेला नाहीं. पुतणीचें म्हणणें कीं नोकरी धरीन, पण रविवार माझा. आम्हीं त्यांस इतकेंच सांगितलें कीं चार शब्द सांगण्याचें काम आमच्यानें होणार नाहीं, दुसरा मनुष्य पाहावा.

चार प्रतींचें काम राहिलें होतें. १९५४ च्या कायद्याप्रमाणें प्रकाशकानें पुस्तकाची एकेक प्रत कलकत्त्याचें राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, मद्रास व दिल्ली येथील एकेक ग्रंथालय यांस स्वखर्चानें धाडावयाची असते. तीहि तीस दिवसांच्या आंत. आम्हांस तें फार उशिरां आठवलें. मे २०२५ पासून टपालखात्यानें पुस्तकांसाठीं 'ज्ञान पोस्ट' सुरू केलें आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये व वर कर. परंतु व्यापारी स्वरूपाचें छापील साहित्य त्यांतून जात नाहीं. खिडकीवरील बाईंनीं पुस्तिका उलटसुलट पाहून विचारलें, "हें शैक्षणिक कीं सांस्कृतिक?" पुतणी आमच्याकडे पाहूं लागली. आम्हीं म्हटलें, मारबतीविषयीं आहे. बाईंनीं दोन पानें वाचलीं, मग आणखी चार. मागें रांग वाढत होती. शेवटीं "पुढं काय होतं त्या मुलाचं?" असें विचारून त्यांनीं चारहि पाकिटें वजनास घेतलीं.