अनारशाचे तांदूळ आणि उसाचे बेणे



कोजागरी झाली की आपल्या भागातल्या घरांचा नूर बदलतो. माळ्यावरची पातेली खाली येतात. पत्र्याचे डबे घासून अंगणात पालथे पडतात. वर्षभराच्या गोधड्या विहिरीच्या मोटारीखाली धुऊन बांधावर वाळत पडतात. गिरणीत चकलीच्या भाजणीचे डबे रांगेला लागतात आणि शाळकरी पोरे किल्ल्यासाठी तांबडी माती शोधत हिंडतात. याच दिवसांत रानातली कामेही तुंबलेली असतात. परतीच्या पावसात भिजलेले सोयाबीन मळायचे असते, भुईमूग काढायचा असतो, शाळूची पेरणी वाफशाची वाट बघत असते. म्हशीच्या वैरणीची ओढाताण तर ठरलेलीच, कारण कारखान्याचा भोंगा वाजून उसाचे वाढे मिळायला अजून अवकाश असतो. या सगळ्या रगाड्यात घरातली बाई पहाटे पाचला उठते ती रात्री दहाला पाठ टेकते.

सणाच्या या धावपळीवर शेती खात्याच्या माणसाने काय लिहायचे, असे कुणी म्हणेल. पण माझ्या नोकरीत मला एक गोष्ट वारंवार दिसली आहे, ती आज स्पष्ट लिहितो. आपल्या उसाचे पुढच्या दोन-तीन वर्षांचे नशीब याच आवराआवरीच्या पंधरवड्यात ठरते, आणि ते ठरवताना घरातली जी व्यक्ती सर्वात जास्त राबते तिलाच आपण विचारत नाही.

पूर्वहंगामी लागणीचा काळ १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर. दिवाळी कधी मागे सरते, कधी पुढे, पण या महिन्याच्या बाहेर ती सहसा जात नाही. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, २०२४ ला १ नोव्हेंबरला, २०२५ ला २१ ऑक्टोबरला. म्हणजे सण आणि लागण दरवर्षी एकाच उंबऱ्यात समोरासमोर येतात. पैसा एकच, माणसे तीच, बैल म्हणा की ट्रॅक्टर म्हणा तोही एकच. यातून घाई होते, आणि घाईत पहिला बळी जातो तो बेण्याचा.

एक प्रसंग सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण ही गोष्ट एका घराची नाही. दिवाळीला आठ-दहा दिवस असतील. लागणीच्या नोंदीसाठी एका सभासदाच्या सोप्यात बसलो होतो. बेणे कुठले घेणार, असे विचारले. ते म्हणाले, "आता दिवाळी तोंडावर आलीय साहेब, बेणेमळ्याच्या मागं कुठं लागता? आपल्याच ओढ्याकडच्या खोडव्यातलं तोडतो. घरचं बेणं, फुकटचं बेणं." मी समजावू लागलो, तर आतून भांड्यांचा आवाज थांबला आणि वहिनी दाराआडून म्हणाल्या, "साहेब, त्या फडातलं बेणं घेऊ नका म्हणावं ह्यांना. भांगलायला गेलो तवा बघितलंय. ठोंबच्या ठोंब गवतागत झाल्यात, पांढरी फटक पानं, ऊस म्हणून एक बांधला न्हाई."

मी तसाच उठलो आणि तिघेही फडात गेलो. वहिनींचे बोलणे अक्षरशः खरे होते. ती गवताळ वाढ होती. पुस्तकात आम्ही हा रोग शिकलो, त्याला फायटोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म जीव कारण असतो, तो रोगट बेण्यातून आणि किडींमार्फत पसरतो, खोडव्यात तो जास्त दिसतो, असे लिहून पास झालो. त्या माउलीने पुस्तक पाहिले नव्हते, पण खुरपे घेऊन सरी न् सरी पाहिली होती. मालक महिनाभर त्या कोपऱ्यात गेलेच नव्हते. ते काही बोलले नाहीत. परत येताना एवढेच म्हणाले, "मला आधी सांगितलं का न्हाईस?" वहिनी म्हणाल्या, "विचारलं कवा?"

ते दोन शब्द माझ्या मनातून गेलेले नाहीत. आज हा लेख लिहितोय तो त्या दोन शब्दांमुळेच.

आता याच दिवसांत घरात अनारसे कसे होतात ते आठवा. तांदूळ निवडायचे, तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत फडक्यावर सुकवायचे, कुटून चाळायचे, मग गुळात मळून ठेवायचे. एवढे करूनही पहिला अनारसा तुपात सोडताना ती देवाचे नाव घेते. का, तर पीठ बिघडले असेल तर अनारसा हसतो, कढईत विरघळून जातो. पावशेर तांदळासाठी ही काळजी! आणि एकरभर रानात जे दहा हजार दोन डोळ्यांचे टिपरे पुरायचे, ते मात्र आपण बांधावर बसून, मिळेल त्या फडातून, मजुराच्या मर्जीवर तोडून घेतो. अनारसा हसला तर एक घाणा वाया जातो. बेणे हसले तर लागणीचे चौदा-पंधरा महिने जातात, वर खोडव्याचे वर्ष जाते, आणि रोग शेजाऱ्याच्या रानात जातो तो वेगळाच.

बेण्याचे नियम नवे नाहीत. आमच्या खात्याचे लोक ते सांगून थकले आणि तुम्ही ऐकून कंटाळलात. तरी उजळणी करतो. बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे, लागणीच्या उसाचे असावे. खोडव्याचे बेणे घेऊ नये. गवताळ वाढ किंवा काणी दिसलेल्या फडातले तर मुळीच नको. उष्ण हवेची प्रक्रिया केलेल्या पायाभूत बेण्यापासून वाढवलेले बेणे आणून दर तीन-चार वर्षांनी बदल करावा. टिपऱ्या बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवूनच लावाव्यात, शंभर लिटर पाण्यात शंभर ग्रॅम कार्बेन्डॅझिम, दहा मिनिटे, हातात रबरी मोजे घालून. हे द्रावण करायला घरातली कळशी-बादली वापरू नका. सणाच्या घरात पोरेबाळे असतात.

हे झाले बेण्याचे. दुसरी गोष्ट पैशाची.

दिवाळीच्या तोंडावर शेतकऱ्याच्या घरात चार वाटांनी पैसा येतो. उसाचा राहिलेला हप्ता, सोयाबीनची पट्टी, दुधाचा दर फरक, कधी सोसायटीची उचल. आणि जायला चाळीस वाटा असतात. कपडे, फराळ, भाऊबीज, लेकीजावयाचे येणे, पोराने धरलेला मोबाइलचा हट्ट. सण करू नये असे मी म्हणत नाही. वर्षभर चिखलात राबणाऱ्याने चार दिवस गोड खाऊ नये, असे सांगणारा मी कोण? पण ऋण काढून सण करू नये, ही म्हण आपल्याच आजीने आपल्याला शिकवली आहे.

पूर्वहंगामी उसाला सर्वसाधारण शिफारस एकरी १३६ किलो नत्र, ६८ किलो स्फुरद आणि ६८ किलो पालाश अशी आहे. त्यातले नत्र दहा टक्के, पण स्फुरद आणि पालाश निम्मे निम्मे लागणीच्या वेळीच सरीत पडले पाहिजे. म्हणजे एकरी सुमारे ३० किलो युरिया, २१० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ५७ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. माती तपासली असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त. अनुभव असा, की सणात हात मोकळा होतो आणि लागणीला नुसता युरिया पडतो. "बाकीचं मागनं टाकू" म्हणतात. मुळाशी द्यायचे स्फुरद मागून वरून फेकले तर ते मुळापर्यंत नीट पोचत नाही. उसाचे कोवळेपण उपाशी गेले ते गेलेच.

याही बाबतीत घरातली बाई आपल्यापेक्षा हुशार असते, असे माझे मत आहे. माझी आई शाळेत गेली नव्हती. दाराच्या मागे भिंतीवर कोळशाने रेघा ओढून ती दुधाचा हिशेब ठेवायची, आणि डेअरीच्या पावतीत चूक निघायची ती आईच्या भिंतीवरून. दिवाळीला चुना लावायच्या आधी वडील त्या रेघा वहीत उतरवून घ्यायचे. मगच भिंत पांढरी व्हायची. आमच्या घरी वर्षाचा हिशेब मिटायचा तो असा, दोघांसमोर.

आता विरुद्ध बाजूही ऐकली पाहिजे. पहिला आक्षेप, "बायकांना शेतीतलं काय कळतंय?" भांगलण, खत विस्कटणे, टिपऱ्या मांडणे, जनावरांचे शेण-वैरण ही सगळी शेतीच आहे, आणि ती कोण करते ते ज्याने त्याने आपल्या घरात बघावे. दुसरा आक्षेप, "सगळ्यांसमोर हिशेब काढला की भांडणं होतात." होतात, खरे आहे. पण आधी झालेले भांडण रात्रीत मिटते. तुळशीचे लग्न झाल्यावर सावकाराच्या कागदावरून होणारे भांडण घर मोडते.

तिसरा आक्षेप आमच्यावरचा आहे आणि तो मी टाळणार नाही. "बिल वेळेवर मिळालं तर हे शहाणपण शिकवायची वेळ येणार नाही," असे सभासद तोंडावर म्हणतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाल्यास वर्षाला पंधरा टक्के व्याज द्यावे असे लिहिलेले आहे. हा सभासदाचा हक्क आहे. तो मागणे म्हणजे कारखान्याशी वैर नव्हे. कारखाना आपला आहे म्हणूनच तो मागायचा. पण हक्काचा पैसा हातात आल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न तरीही घरातच सुटायचा आहे.

आणखी एक चूक आमच्या खात्याची. कितीतरी भगिनींच्या नावावर शेअर आहे, उसाची नोंद आहे. त्यांची सही किंवा अंगठा आमच्याकडे आहे, पण आपल्या नावावर किती टन ऊस गेला हे त्यांना ठाऊक नसते. आम्ही मेळावे घेतो ते सकाळी अकराला, जेव्हा बाया रानात असतात. मग सतरंजीवर सगळे फेटे आणि टोप्याच दिसतात आणि आम्ही म्हणतो, महिलांचा प्रतिसाद नाही. वेळ चुकीची आमची, दोष त्यांना. हे बदलले पाहिजे. बेण्याची चर्चासभा रात्री जेवणानंतर, देवळाच्या ओवरीत घेतली तर काय बिघडेल? चिटबॉयनेही नोंद घेताना घरात हाक मारून दोघांना विचारावे, असा माझा आग्रह राहील.

सभासदांना माझी विनंती थोडी आहे. वसुबारसेच्या आधी एक संध्याकाळ मोकळी ठेवा. गाईची पूजा व्हायच्या आत घरातली सगळी माणसे, शिकणाऱ्या पोरांसकट, एका जागी बसवा. ऊस बिल, दुधाची पावती, सोसायटीचे पासबुक मध्ये ठेवा आणि पोराला मोठ्याने वाचायला सांगा. आलेल्या पैशाचे तीन वाटे करा. पहिला वाटा लागणीचा, म्हणजे बेणे, खत आणि मजुरी. दुसरा देण्याचा. उरेल तो सणाचा, आणि तो खुल्या मनाने खर्च करा. मग कारभारणीला एक प्रश्न विचारा, "कुठल्या फडातलं बेणं घेऊ?" तिने नको म्हटलेल्या फडात निदान एकदा तिच्याबरोबर जाऊन या. गवताळ ठोंब दिसले तर मुळासकट उपटून जाळा. हरभरा, कांदा, लसूण, वाटाणा यांतले काय सरीच्या बगलेला टोकायचे तेही तिलाच ठरवू द्या. त्या आंतरपिकातून घरच्या कालवणाची सोय होते आणि चार पैसे तिच्या हातात राहतात.

लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू लावतो. वर्षभर घर झाडणारी ती केरसुणी, तिला आपण त्या दिवशी लक्ष्मी म्हणतो. मग ती हातात धरणाऱ्या बाईला घराच्या हिशेबात बसायला जागा देणे काही फार मोठे नाही. या दिवाळीत पाटावर एक जागा तिची असू द्या, आणि लागणीच्या नोंदीला गटऑफिसात याल तेव्हा दोघे मिळून या. आमच्याकडे दोन खुर्च्या आहेत.

दिवाळी सुखाची जावो आणि सरीत पडलेला प्रत्येक डोळा उगवो.

जय सहकार!

– ऊस विकास अधिकारी