एक खुर्ची, 54 दिवस

मोठ्या गोष्टीच्या आत लहान गोष्ट बसवायची झाली की मराठी तिला 'पोट' जोडते. पोटकलम, पोटजात, पोटभाडेकरू, पोटनिवडणूक. थेरगावला यातला पोटभाडेकरू सर्वांत ओळखीचा. डांगे चौकाच्या आसपासच्या चाळींत एका खोलीत चौघे राहतात आणि करार पाचव्याच्याच नावावर असतो. करार नवा होत नाही, उरलेले महिने तेवढे मिळतात. पोटनिवडणुकीतून मिळणारी आमदारकी याच जातीची. विधानसभा जुनीच, मुदत उरली असेल तेवढीच.

थेरगाव ज्या मतदारसंघात येते त्या चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगताप यांचे 3 जानेवारी 2023 रोजी निधन झाले. त्याआधी, 22 डिसेंबर 2022 रोजी, पुण्यातल्या कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक गेल्या. दोघेही आधीच्या जूनमध्ये राज्यसभेच्या आणि विधान परिषदेच्या मतदानासाठी आजारपणात रुग्णवाहिकेतून मुंबईला गेले होते. एकेका मताची किंमत पक्षांना इतकी नेमकी ठाऊक असते. दोन्ही जागांसाठी निवडणूक आयोगाने 27 फेब्रुवारी 2023 ही तारीख दिली. मग बारावीच्या परीक्षा लक्षात आल्या आणि मतदान एक दिवस अलीकडे, रविवारी 26 तारखेला आले. रविवार आयटीवाल्यांच्या सुट्टीचा. एमआयडीसीतल्या कित्येक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, पण कॅलेंडर छापणाऱ्यांना आणि तारखा ठरवणाऱ्यांना गुरुवार कधी दिसत नाही. मतदान झाले जेमतेम निम्मे.

हिशेब करा. चिंचवडची जागा रिकामी झाल्यापासून मतदानापर्यंत 54 दिवस. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 151 अ सहा महिन्यांची मुदत देते. इथे दोन महिनेही लागले नाहीत. यंत्रणेने मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचा हा नमुना. 2 मार्चला थेरगावच्या शंकर अण्णा गावडे कामगार भवनात मतमोजणी झाली. लक्ष्मण जगताप यांच्या पत्नी, भाजपच्या अश्विनी जगताप यांना 1,35,603 मते, राष्ट्रवादीचे नाना काटे यांना 99,435 आणि अपक्ष राहुल कलाटे यांना 44,112. काटे आणि कलाटे यांची बेरीज विजयी आकड्याच्या पुढे जाते, हे कामगार भवनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर पहिल्या तासातच कोणीतरी सांगितले असणार. कलाटेंनी माघार घ्यावी म्हणून उद्धव ठाकरे यांच्याकडून मनधरणी झाली होती. ते बधले नाहीत. 2019 मध्ये लाखावर मते घेतलेल्या माणसाला 'तू फक्त मते फोडायला उभा आहेस' हे ऐकायला आवडत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे.

त्या वेळी परंपरेची आठवणही निघाली. दिवंगत आमदाराच्या घरातले कोणी उभे असेल तर निवडणूक बिनविरोध व्हावी, ही महाराष्ट्राची संस्कृती वगैरे. ही संस्कृती ज्याची जागा रिकामी होते त्यालाच आठवते. 2021 मध्ये पंढरपूरला भारत भालके यांचा मुलगा उभा असताना ती कोणाला आठवली नाही, 2022 मध्ये कोल्हापूर उत्तरमध्ये जयश्री जाधव उभ्या असतानाही नाही. अंधेरी पूर्वला आठवली, भाजपने उमेदवार मागे घेतला, आणि ऋतुजा लटके यांच्या खालोखाल मते 'नोटा'ला पडली. कसब्यात तर परंपरा भाजपने स्वतःच बाजूला ठेवली, टिळकांच्या घरात उमेदवारी दिली नाही आणि जागा काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांकडे गेली. सहानुभूतीसुद्धा तिकीट काढूनच प्रवास करते.

पण आमचा मुद्दा निकालाचा नाही. त्या प्रचारात थेरगावच्या चौकाचौकांत जी व्यासपीठे लागली, त्यांवर बसलेल्यांची नावे निवेदक कशी घेत होता ते आठवा. माजी नगरसेवक अमुक, माजी नगरसेवक तमुक, माजी महापौर, माजी सभापती. काटेही माजी नगरसेवक, कलाटेही माजीच. एकही आजी नाही. कसा असेल? पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत 13 मार्च 2022 रोजीच संपली होती. सभागृहात 128 खुर्च्या, आणि 128 च्या 128 रिकाम्या. कारभार प्रशासकाच्या सहीने चाललेला. विधान भवनातली एक खुर्ची भरण्यासाठी सारी सरकारी यंत्रणा धावत होती. थेरगावपासून काही किलोमीटरवर पिंपरीत 128 खुर्च्यांवर धूळ बसत होती आणि तिच्याबद्दल कोणत्याही सभेत कोणी तावातावाने बोलल्याचे ऐकिवात नाही.

बरे, थेरगावच्या माणसाचे रोजचे काम कोणाकडे असते? शहरात नोव्हेंबर 2019 पासून नळाला पाणी दिवसाआड येते. चेंबर तुंबले, दिवा बंद पडला, कचऱ्याची गाडी आली नाही, तर कोणी आमदाराला शोधत विधान भवनात जात नाही. नगरसेवकाच्या दारात जातो. ते दार उघडेच होते, पण आत बसलेला माणूस 'माजी' झालेला. तो फोन करी, अधिकारी 'बघतो' म्हणे. गुंठा-दोन गुंठ्यांवर उभ्या राहिलेल्या घरांवरची शास्ती हा या भागाचा जुना दुखरा दात. ती माफ करण्याची घोषणा डिसेंबर 2022 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात झाली, प्रचारात ती गाजली आणि शासन निर्णय मतमोजणी उरकल्यावर मार्चमध्ये निघाला. एका पोटनिवडणुकीच्या आगेमागे एवढे काम होत असेल तर 128 जागांच्या निवडणुकीने काय काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी.

आयोग वेगळे आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. आमदाराची निवडणूक केंद्राचा आयोग घेतो, नगरसेवकाची राज्याचा. महापालिका रखडल्या त्या ओबीसी आरक्षण, प्रभागरचना आणि न्यायालयातल्या तारखांमुळे. पण मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, हे महापालिकांच्या बाबतीत साध्या कायद्यात नाही, राज्यघटनेत लिहिले आहे. कायद्यातले सहा महिने पाळले गेले, घटनेतली मुदत पाळली गेली नाही.

आणि केंद्राचा आयोगही नेहमी 54 दिवसांत धावतो असे नाही. कसब्याच्या प्रचाराला नाकाला ऑक्सिजनची नळी लावून, चाकाच्या खुर्चीवरून आलेले पुण्याचे खासदार गिरीश बापट 29 मार्च 2023 रोजी गेले. लोकसभेची मुदत तेव्हा वर्षाहून अधिक उरली होती, म्हणजे पोटनिवडणूक टाळायला उरलेल्या मुदतीचे कारण पुरत नव्हते. आयोगाने अडचणीचे कारण दिले: इतर निवडणुकांचे काम आहे, लोकसभेची तयारी आहे. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात घोसीच्या आमदाराने जुलैमध्ये राजीनामा दिला आणि तिथे सप्टेंबरमध्ये मतदानही झाले. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये पुण्याची पोटनिवडणूक घ्या असे सांगितले. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुण्याला खासदार मिळाला तो 4 जून 2024 रोजी, सार्वत्रिक निवडणुकीतच. चौदा महिने पुणे शहराला खासदार नव्हता, आणि त्या काळात पुण्याची महापालिकाही प्रशासकाच्याच हाती होती.

चिंचवडची ती पोटमुदत नोव्हेंबर 2024 मध्ये संपली. उमेदवारी या वेळी घरातच, अश्विनी जगताप यांचे दीर शंकर जगताप यांच्याकडे गेली आणि ते लाखावर मतांनी निवडून आले. महापालिकेसाठी मात्र सर्वोच्च न्यायालयाला मे 2025 मध्ये चार महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली, आणि ती मुदतही वाढवून घेण्यात आली.

थेरगावने नगरसेवकासाठी मत दिले ते 21 फेब्रुवारी 2017 रोजी, आणि त्यानंतर थेट 15 जानेवारी 2026 रोजी. मधल्या काळात त्याच थेरगावने आमदार तीनदा आणि खासदार दोनदा निवडला.