मराठी कुमार पुस्तकांचं मुखपृष्ठ नेमकं कोणासाठी?

१२ जानेवारी २०२४ पासून द्रोणागिरीहून लोकल धावू लागली. डब्यातल्या अकरावीच्या मुलाच्या हातात मोबाइल असतो आणि त्यावर पुस्तकाचं मुखपृष्ठ दिसतं टपाल तिकिटाएवढं.

कुमार साहित्य म्हणजे?
साधारण १२ ते १८ वयासाठीचं लेखन. इंग्रजीत त्याला ‘यंग अडल्ट’ म्हणतात. १९६७ मध्ये आलेली ‘द आउटसायडर्स’ लिहायला घेतली तेव्हा लेखिका एस. ई. हिंटन स्वतः शाळेत होत्या.

मराठीत काय?
भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकांत शाळकरी आहे. २०१७ च्या सिनेमात मात्र तो मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायला पुण्यात येतो. सिनेमाने नायकाचं वय वाढवलं. पुस्तकांनी वाचकाचं वय ओळखायचं बाकी आहे.

अडतं कुठे?
पुस्तकाचे पैसे देतात आई-बाबा, म्हणून मुखपृष्ठही त्यांना रुचेल असं होतं. गोंडस कार्टूनचं पुस्तक दहावीतला मुलगा मित्रांसमोर उघडत नाही.

करायचं काय?
छपाईआधी दोन-तीन मुखपृष्ठं मोबाइलवर दहावी-अकरावीच्या मुलांना दाखवावीत. नाव वाचता आलं नाही, तर चित्र बदलावं. लेखकांनीही त्यांच्याशी बोलावं. ‘मुलं वाचत नाहीत’ ही तक्रार त्यानंतर करावी.