पोटात दुखतंय, सर

सोनोग्राफीत काही नाही, रक्त-लघवी व्यवस्थित, तरी दर सोमवारी पोटात दुखते आणि पोरगे दुसऱ्या तासाला दप्तर उचलून घरी येते. सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या शिक्षकांना अशी मुले नवीन नाहीत. घरी गोळी दिली जाते, मीठ-मोहरीने दृष्ट काढली जाते, कुणीतरी देवऋष्याचे गाव सांगते. मानसोपचारतज्ज्ञाचे नाव निघाले, की आवाज खाली येतात. मिरजेला दाखवून आणले तरी शेजारी ‘पाहुण्यांकडे गेलो होतो’ असे सांगायचे. मुलगी असेल तर सोयरिकीची धास्ती वेगळीच.

विट्यात हे दुखणे एका साच्याचे नाही. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळाने इथली माणसे गलाईच्या भट्टीवर नेली. सराफकट्ट्यावरची माती आणि जुने दागिने आटवून सोने-चांदी वेगळी करणारी ही मंडळी तमिळनाडूपासून बंगालपर्यंत पांगली. त्यांची काही मुले तिकडच्या शाळेत रुळतात आणि ऐन आठवी-नववीत आजी-आजोबांकडे गावी येतात. तमिळमध्ये भांडणारा मुलगा इथे मराठीच्या तासाला मुका होतो, वर्गात ‘मद्रासी’ ठरतो. फोनवर बाप विचारतो, ‘तुला कमी काय केलंय?’ या प्रश्नाला चौदा वर्षांचे पोर काय उत्तर देणार? यंत्रमागावर बाहेरून आलेल्या कुटुंबातल्या मुलाला तर तेवढेही कुणी विचारत नाही. पाळी संपवून आलेल्या आई-बापाला झोप हवी असते.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या शंभरातल्या सुमारे सात मुलांना मानसिक विकार आढळले. ज्या 12 राज्यांत हे सर्वेक्षण झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. पण म्हणून आपली पोरे निराळ्या मातीची ठरत नाहीत. पन्नासच्या वर्गात तीन-चार जण, असा हिशेब धरायला हरकत नसावी. त्यांना ‘येडं’, ‘खुळं’ म्हणणारे बाकीचे वर्गमित्र हे शब्द घरूनच शिकून आलेले असतात. तेव्हा पोरांना दटावण्याआधी पालकसभेत हा विषय निघायला हवा.

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमण्यास सांगितले. चित्रकलेच्या शिक्षकाच्या गळ्यात हे काम अडकवून कागद रंगवण्याची आपली रीत इथे चालणार नाही. मुलाने सांगितलेले दुपारच्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चघळले गेले, तर दुसरे मूल समुपदेशकाच्या दाराशी फिरकणारही नाही. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि त्यावर मराठी, हिंदी, तमिळ, बंगालीसह अनेक भाषांत बोलता येते. गलाईवाल्यांच्या मुलांना याहून सोयीचे काय? हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर ठळक लिहायला डबाभर रंग पुरेल.

समुपदेशकाच्या पगाराला पैसे नाहीत, हे उत्तर येणारच. गावाकडच्या मंदिराचा कळस, वेशीची कमान, शाळेची खोली यांसाठी गलाई बांधव सढळ हाताने देतात. यंदाच्या यात्रेला ते गावी येतील तेव्हा दोन-तीन शाळांत मिळून एका समुपदेशकाच्या पगाराचा विषय त्यांच्यापुढे मांडावा. आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी तालुक्यात न्यायालयाचा आदेश किती शाळांनी पाळला, याची शाळावार यादी जाहीर करावी.