पैसे मोजा, लेखक व्हा

नवा कवी बाड घेऊन प्रकाशकाकडे जातो तेव्हा त्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न कवितेविषयी नसतो. ‘पानं किती होतील?’ हा पहिला. ‘तुम्ही स्वतः किती प्रती उचलाल?’ हा दुसरा. मग कॅल्क्युलेटर निघतो. डीटीपी, कागद, छपाई, मुखपृष्ठ, आयएसबीएन अशी यादी होते आणि पंचवीस-तीस हजारांच्या पुढे कुठेतरी आकडा येऊन थांबतो. बाडातलं एकही पान तोवर कुणी उलटलेलं नसतं.

हे आता इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. नवोदितांनाही नाही. ‘सुरुवातीला द्यावेच लागतात हो पैसे,’ असं ते सांगतात. हुंड्याबद्दल आपल्या आज्या-पणज्या ज्या सुरात बोलत, अगदी त्याच सुरात. घेणाऱ्याला लाज नाही, देणाऱ्याला राग नाही आणि पाहणाऱ्यांना तर मांडवात जेवण असतंच.

यादीतल्या आयएसबीएनचंच बघा. हा क्रमांक भारतात राजा राममोहन राय यांच्या नावानं चालणारी केंद्र सरकारची यंत्रणा मोफत देते. लेखकाला स्वतःलाही अर्ज करता येतो. तरी त्याचे वेगळे पैसे बिलात लागतात, आणि शिक्षक, तलाठी, नर्स अशी लिहितीवाचती माणसं ते निमूट भरतात. कराराचंही तेच. ‘आपलं घरचंच काम आहे, करार कशाला?’ या एका वाक्यावर हक्क जातात. वास्तविक 1957चा कॉपीराइट कायदा सांगतो की हक्क सोपवायचे तर ते लेखी हवेत, त्यात मानधनाचा उल्लेख हवा. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. आपल्याकडे मराठी घेऊन एमए झालेल्या माणसालाही हे ठाऊक नसतं. वृत्तं शिकवली, अलंकार शिकवले, रसचर्चा झाली. लिहिणाऱ्याच्या पोटाचा कायदा मात्र अभ्यासक्रमात कुणाला सुचला नाही.

पण पैसे घेणाऱ्यावर तुटून पडणं सोपं आहे. तो दुकानदार आहे. माझा रोख दुकानात उभ्या असलेल्या, आणि दुकानाकडे न फिरकलेल्या, आपल्या सगळ्यांकडे आहे.

माझ्या ओळखीच्या एका आशा सेविकेची हकीकत सांगतो; ती अपवाद नाही म्हणूनच सांगतो. दिवसभर पाडे पालथे घालायचे, गरोदर बायांच्या नोंदी करायच्या, लसीकरणाला माणसं गोळा करायची. मोबदला महिनोन्महिने थकलेला. रात्री भांडी आटोपली की ही बाई मोबाइलवर कविता लिहायची. कुणीतरी तिला व्हॉट्सॲपवरच्या एका काव्यसमूहात घेतलं. रोज सकाळी विषय यायचा, रात्री दहापर्यंत कविता टाकायची. कधी चित्रावरून, कधी आठच ओळींत, कधी अष्टाक्षरी. एकदा ‘श्रावणसरी’ असा विषय आला. हिच्या श्रावणात नाल्याला पूर असतो, पाड्याकडची वाट तुटलेली असते आणि लसींचा डबा डोक्यावर धरून पाण्यातून जावं लागतं. तिनं तेच लिहिलं. मी ती कविता वाचली आहे. शेवटाकडे ढिली पडते, पण मधल्या ओळींना खरा घाम आहे. समूहचालकांचा अभिप्राय आला: ‘छान! पण विषयाला धरून नाही. थोडं सकारात्मक लिहा, ताई.’ पुढच्या वेळी ताईंनी हिरवा शालू, इंद्रधनुष्य आणि माहेरची ओढ असं सगळं लिहिलं. ‘सर्वोत्कृष्ट’ ठरल्या. फुलांची नक्षी असलेलं सन्मानपत्र मोबाइलवर आलं. त्यात विजेतीपेक्षा चालकांचा फोटो मोठा होता.

या समूहांना नाकं मुरडणारी पुण्या-मुंबईची मंडळी मी जाणतो. त्यांनी जरा दम धरावा. आयुष्यात वाणसामानाच्या यादीपलीकडे काही न लिहिलेल्या बायकांना या समूहांनी रोज लिहायची सवय लावली. हे काम तुमच्या एकाही साहित्य परिषदेनं केलेलं नाही. खेळ म्हणून, रियाज म्हणून रोजचा विषय वाईट नसतो. वाईट हे आहे की त्या बाईला तिची कोणती ओळ खरी आणि कोणती उसनी हे सांगणारं माणूस तिच्या वाटेवर कुठेही उभं नव्हतं. होते ते फक्त अंगठे, टाळ्या आणि गुलाबाची फुलं.

मग पुढची पायरी आली: प्रातिनिधिक काव्यसंग्रह. प्रत्येकी दोन पानं, एक फोटो, अल्पपरिचय. त्यासाठी सहभाग शुल्क आणि प्रती विकत घेणं बंधनकारक. त्याच्याही पुढची पायरी राज्यस्तरीय पुरस्कार. प्रवेशशुल्क भरा, पुस्तकाच्या तीन प्रती पाठवा, पुरस्कार घ्यायला स्वखर्चानं या. एकाच कार्यक्रमात इतक्यांना गौरवतात की ट्रॉफी देणाऱ्याचा हात दुखतो. थकलेला मोबदला हाती आला त्या महिन्यात ताईंनी शुल्क भरलं. घरात त्यावरून बोलणी खाल्ली. ट्रॉफी मात्र टीव्हीशेजारी ठेवली गेली, कारण नवऱ्यालाही ती पाहुण्यांना दाखवायची होती.

जी बाई आपल्या कामाबद्दल लिहू शकत होती ती आता पावसाबद्दल लिहिते. हे नुकसान तिचं आहे असं कुणाला वाटत असेल तर तो मूर्ख आहे. ते मराठीचं आहे. आदिवासी पाड्यावरची प्रसूती, तिथला कोरडा पडलेला दवाखाना, तिथल्या सासवा, तिथली भाषा हे सगळं आतून पाहिलेलं माणूस आपल्याला मिळालं होतं. आपण त्याला सन्मानपत्र देऊन गप्प केलं.

गप्प करण्याची आपली रीत जुनी आहे, हत्यार तेवढं बदललं. जोतीराव फुल्यांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. कमिटीनं ते नाकारलं. शंभराहून अधिक वर्षं ते नाटक पुस्तकरूपानं मराठी वाचकाच्या हाती पडलं नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापवून घेतलं, आणि त्यावर असं काही तोंडसुख घेतलं गेलं की त्या बाईंनी पुन्हा पुस्तक म्हणून काही छापलं नाही. स. गं. मालशे यांनी 1975मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणलं. म्हणजे नव्वदहून जास्त वर्षं एका बुद्धिमान मराठी बाईचा आवाज आपल्या फडताळात पडून होता आणि कुणाला त्याची चुटपुटही लागली नव्हती. बहिणाबाई चौधरींची गाणी 1952 साली पुस्तकात आली तेव्हा त्या जाऊन वर्ष होत आलं होतं. आज शाळेशाळेत ती म्हणतात. त्या मानानं अण्णा भाऊ साठे भाग्यवान म्हणायचे. त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी 1959 साली छापून आली, राज्य पुरस्कारही मिळाला. आणि दहा वर्षांनी हा माणूस दारिद्र्यात मेला. पुतळे त्यानंतर उभे राहिले.

पूर्वी दारात जात आणि पुरुषपण उघड उभं होतं. आता तिथे दरपत्रक लावलं आहे. दरपत्रकाला जात नसते असं म्हणून आपण आपली समजूत घालतो. पण पंचवीस-तीस हजार रुपये हौसेसाठी बाजूला काढू शकणारी घरं कोणती, आणि न काढू शकणारी कोणती, हे महाराष्ट्रात ज्याला कळत नाही त्यानं डोळे मिटून घेतलेले आहेत. ज्या लोकांना काल आत घेतलं नाही, तेच बहुतांशी आजही बाहेर आहेत. फरक इतकाच की काल त्यांना नाकारणाऱ्याचं नाव सांगता यायचं. फुल्यांनी ते सांगितलंही. आज कुणी नाकारतच नाही. पैसे असतील तर सगळ्यांचं स्वागत आहे.

इथे कुणी विचारेल, स्वतःच्या खर्चानं छापणं हा गुन्हा आहे का? मुळीच नाही. पन्नास-साठच्या दशकांत पोरांनी खिशातले पैसे घालून, प्रसंगी सायक्लोस्टाइल करून अनियतकालिकं काढली. ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ ही त्यांतली नावं. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, अशोक शहाणे, भालचंद्र नेमाडे, राजा ढाले ही मंडळी त्या खटपटीत होती. त्यांनी पैसे घातले ते कुणाला भीक न घालण्यासाठी. त्या पानांवर एकमेकांची पाठ थोपटण्यापेक्षा एकमेकांची सालं काढली जात. सन्मानपत्र मागायला कुणी जात नव्हतं. जे देत होते त्यांच्याशीच भांडण होतं. स्वाभिमानानं केलेला खर्च आणि मान विकत घेण्यासाठी केलेला खर्च यांतला भेद न कळण्याइतके आपण भाबडे नाही. सोयीस्कर आहोत.

त्याच काळात ‘सत्यकथा’ हे मासिकही होतं. ढाल्यांच्या पिढीनं तिच्यावर केलेला हल्ला बऱ्याच अंशी रास्त होता. तिच्या अभिरुचीच्या खिडक्या काही विशिष्ट दिशांनाच उघडत. पण तिचे संपादक श्री. पु. भागवत नव्या लेखकाचं लेखन वाचत, त्याला पत्रं लिहीत, कथेचा शेवट का जमला नाही ते सांगत, पुन्हा लिहायला लावत. ‘साभार परत’चा लिफाफा घरी आला की लेखकाच्या पोटात गोळा यायचा, चार शिव्या तोंडात यायच्या. तरी त्या लिफाफ्याचा अर्थ असा होता की आपलं कुणीतरी वाचलं. 1982 साली ‘सत्यकथा’ बंद झाली. आज नव्या लेखकाचं काहीच परत येत नाही. दिवाळी अंकाला पाठवलेली कथा कुठे जाते ते देवाला ठाऊक; आली छापून तर आली. 1909मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी परंपरा सुरू केली तिचा आपण ऊर भरून अभिमान सांगतो, आणि त्याच परंपरेतले कित्येक संपादक नवोदिताला ‘अंकाची प्रत हेच मानधन’ असं सांगतात. ‘एखादी जाहिरात मिळवून द्या, कथा लावून टाकू,’ असं म्हणणारेही आहेत.

प्रकाशक म्हणतात, आम्ही तरी काय करणार, खप नाही. खोटं बोलत नाहीत ते. पण खप का नाही? 1967च्या कायद्यानं महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं. शासनमान्य ग्रंथालयं अकरा हजारांच्या आसपास आहेत. त्यांतल्या दहातल्या एकानं जरी नव्या लेखकाच्या बऱ्या पुस्तकाची एक प्रत घेतली, तरी अकराशेच्या आसपास प्रती होतात. आजच्या मराठी प्रकाशनाच्या मानानं ही भरभक्कम आवृत्ती झाली. कवीला खिशात हात घालावा लागणार नाही. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी खरेदी होते ती कमिशनच्या टक्क्यांवर. जो जास्त सूट देईल त्याचे गठ्ठे येतात, अनुदानाच्या तपासणीपुरते कपाटात लागतात. ग्रंथपालांचे तुटपुंजे पगार मला माहीत आहेत. माझा सवाल त्यांना नाही. संचालक मंडळावर वर्षानुवर्षं बसलेल्या गावच्या प्रतिष्ठितांना आहे: शेवटचं नवं मराठी पुस्तक तुम्ही कधी वाचलंत?

आणि तुम्ही-आम्ही? मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागतो. लग्नात फेट्यांचे पैसे वेगळे, ड्रोनचे वेगळे. शेजाऱ्याच्या मुलीचं पुस्तक आलं की मात्र आपण मोठ्या आपुलकीनं म्हणतो, ‘अगं, एक प्रत दे की सही करून!’ वडापावच्या गाडीवर आपण असं म्हणत नाही. प्रकाशन समारंभाला जातो, पोहे खातो, फोटोत उभे राहतो आणि पुस्तकांच्या टेबलाला वळसा घालून चपला शोधतो. व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे तर निर्धास्तपणे सांगतात, ‘पुस्तक आत्ताच हाती आलं, मी ते चाळलं.’ मग अर्धा तास त्या न वाचलेल्या पुस्तकावर बोलतात. सभागृह टाळ्या वाजवतं. घरात कर्ज काढून तो दिवस उभा केलेली लेखिका पहिल्या रांगेत बसून हे ऐकते, आणि तिच्याच डोळ्यांत पाणी येतं. तेही आनंदाचं, असं आपण मानून घेतो.

सरकारचं काही नाहीच असंही नाही. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, हस्तलिखित पाठवता येतं, ते तपासलं जातं. पण तालुक्याच्या वाचनालयात त्या योजनेचा कागद मला क्वचितच दिसला. प्रवेशशुल्कवाल्या पुरस्कारांची पत्रकं मात्र बाहेरच्या फळ्यावर एकावर एक चिकटवलेली असतात.

त्या पत्रकांवर खाली परीक्षकांची आणि प्रमुख पाहुण्यांची नावं असतात. तीच नावं साहित्य संमेलनाच्या परिसंवादांत भाषेच्या ऱ्हासावर बोलताना दिसतात. या ज्येष्ठांकडे माझं मागणं फार मोठं नाही. पुढचं निमंत्रण येईल तेव्हा त्यांनी आयोजकाला विचारावं की नवोदितांकडून शुल्क किती घेतलंत, आणि आलेली पुस्तकं नक्की वाचली कुणी. सरळ उत्तर आलं नाही तर जाऊ नये. येत्या वर्षभरात यांतले निम्मे पुरस्कार आपोआप बंद पडतील, कारण आयोजकांपाशी विकायला दुसरं काहीच नाही. ते या ज्येष्ठांचं नाव विकतात, आणि आपलं नाव कितीला जातं हे त्या ज्येष्ठांना आजवर कळलं नसेल यावर माझा विश्वास नाही.