चिकनवरचं ‘नो अँटिबायोटिक्स’ लेबल कंपन्यांनी मागे का घेतलं? उत्तर रक्ती हगवणीच्या लशीत आहे

अमेरिकेतल्या ‘चिक-फिल-ए’ या फास्ट फूड साखळीने २०१४ मध्ये ग्राहकांना एक शब्द दिला होता. पाच वर्षांत आपल्या दुकानांत फक्त असंच चिकन मिळेल, ज्या कोंबडीला जन्मापासून एकदाही अँटिबायोटिक दिलेलं नसेल. २०१९ मध्ये कंपनीने तो पूर्णही केला. पण मार्च २०२४ मध्ये तिने माघार घेतली. त्याआधी, जुलै २०२३ मध्ये, ‘टायसन फूड्स’ या अमेरिकेतल्या बड्या चिकन कंपनीनेही ‘नो अँटिबायोटिक्स एव्हर’ हे लेबल सोडायचं ठरवलं होतं.

बातमी वाचून पटकन वाटतं, की कंपन्यांनी पैशांसाठी शब्द फिरवला. पण गोष्ट इतकी सरळ नाही. दोन्ही कंपन्यांचं नवं लेबल सांगतं, की माणसांच्या उपचारात महत्त्वाची असलेली अँटिबायोटिक्स या कोंबड्यांना दिलेली नाहीत. जुन्या आणि नव्या लेबलमध्ये जो फरक आहे, तो मुख्यतः एका औषधगटाचा आहे. त्याचं नाव आयनोफोर. ही औषधं कोंबड्यांना रक्ती हगवण, म्हणजेच कॉक्सिडिओसिस होऊ नये म्हणून खाद्यातून देतात.

या आजारावर लस १९५२ पासून बाजारात आहे. मग लस असताना औषधाकडे परत जाण्याची वेळ का आली? आणि महाराष्ट्रातल्या पोल्ट्रीवाल्याचा याच्याशी काय संबंध?

रक्ती हगवण म्हणजे नेमकं काय?

हा आजार विषाणूमुळे होत नाही आणि जिवाणूमुळेही नाही. आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे तो होतो. कोंबडीला होणाऱ्या आयमेरियाच्या सात प्रमुख जाती आहेत आणि प्रत्येकीने आतड्यातला आपला भाग जणू वाटून घेतलेला आहे. त्यातली आयमेरिया टेनेला आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन पिशव्यांसारख्या भागांत वाढते. तिथलं अस्तर फाटतं आणि विष्ठेतून रक्त पडतं. ‘रक्ती हगवण’ हे नाव त्यावरूनच आलं.

बाधित कोंबडीच्या विष्ठेतून या परजीवीची जाड कवचाची सूक्ष्म अंडी बाहेर पडतात. त्यांना शास्त्रीय भाषेत ऊसिस्ट म्हणतात. शेडमधल्या तुसाच्या गादीत ओल, ऊब आणि हवा मिळाली, की एक-दोन दिवसांत ती संसर्गासाठी तयार होतात. दुसरं पिल्लू गादीत चोच मारतं, अंडी पोटात जातात आणि चक्र पुन्हा सुरू होतं. नेहमीच्या जंतुनाशकांना ही अंडी सहसा दाद देत नाहीत.

प्रत्येक वेळी रक्त दिसेलच असं नाही. अनेकदा पक्षी खातात, पण अंगाला लागत नाही. वजन कमी भरतं, खाद्याचा खर्च वाढतो. ब्रिटनमधल्या संशोधकांच्या नेतृत्वाखाली २०२० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, २०१६ च्या किमतींनी या आजाराचा जगाला बसणारा वार्षिक फटका सुमारे १०.४ अब्ज पौंड होता. रुपयांत सांगायचं तर आजच्या दराने एक लाख कोटींच्या पुढे. प्रतिबंधाचा आणि उपचारांचा खर्चही यात धरलेला आहे.

खाद्यातल्या औषधावरून वाद का?

अमेरिकेत १९७१ मध्ये मोनेन्सिन हे आयनोफोर औषध बाजारात आलं आणि ब्रॉयलर उद्योगाचं चित्र बदललं. नंतर सॅलिनोमायसिन, नॅरासिन, मॅडुरामायसिन अशी औषधं आली. स्वस्त, खाद्यात मिसळायला सोपी आणि शेडमध्ये थोडंफार उन्नीस-बीस झालं तरी सांभाळून घेणारी.

ही औषधं माणसांसाठी वापरली जात नाहीत. घोड्यासारख्या प्राण्याला तर मोनेन्सिन थोड्या प्रमाणातही जीवघेणं ठरू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माणसांसाठी महत्त्वाच्या प्रतिजैविकांच्या यादीत ती नाहीत. पण ती जिवाणूंवरही परिणाम करतात, म्हणून अमेरिकेत त्यांची गणना अँटिबायोटिकमध्ये होते. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक मिसळायला बंदी घातली. आयनोफोर मात्र रक्ती हगवणीविरुद्धचं खाद्य-पूरक म्हणून चालू ठेवली. म्हणजे तेच औषध खाल्लेली कोंबडी एका देशात ‘अँटिबायोटिक दिलेली’ ठरते आणि दुसऱ्या देशात ठरत नाही.

लस कशी काम करते?

पोल्ट्रीवाल्यांना लासोटा आणि गंबोरोच्या लशी नेहमीच्या आहेत. रक्ती हगवणीची लस त्यांच्यापेक्षा वेगळी आहे. यात जिवंत परजीवीचीच अंडी मोजून दिली जातात. हॅचरीत एक दिवसाच्या पिल्लांच्या क्रेटवर रंगीत द्रावण फवारतात. रंग पाहून पिल्लं एकमेकांच्या पिसांवरचे थेंब टिपतात आणि लस पोटात जाते.

पण काम इथे संपत नाही. साधारण आठवड्याभरात ही पिल्लं स्वतःच अंडी बाहेर टाकतात. ती गादीत तयार होतात आणि पिल्लं पुन्हा टिपतात. अशी दोन-तीन चक्रं झाल्यावर, तीन ते चार आठवड्यांत, पक्की प्रतिकारशक्ती येते. म्हणजे लशीचा पहिला डोस हॅचरीत मिळतो आणि बूस्टर शेडमधली गादी देते. गादी फार कोरडी राहिली तर चक्र अडतं. फार ओली झाली तर अंडी बेसुमार वाढतात आणि लशीमुळेच आजार व्हायचा धोका असतो.

आणखी एक अडचण आहे. एका जातीविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्या जातीविरुद्ध चालत नाही, म्हणून लशीत अनेक जाती घालाव्या लागतात. २०२१ मध्ये आयमेरियाच्या आणखी तीन जातींना नाव मिळालं आणि सध्याच्या लशी त्यांच्याविरुद्ध संरक्षण देत नसल्याचं आढळलं. शिवाय लशीसाठी लागणारी अंडी आजही जिवंत कोंबड्यांमध्येच वाढवावी लागतात, त्यामुळे उत्पादन वाढवायला मर्यादा येतात. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधले संशोधक यावर उपाय म्हणून यीस्टमध्ये परजीवीची प्रथिनं तयार करून ती तोंडावाटे देण्याचे प्रयोग करत आहेत.

मग अमेरिकेत गाडी कुठे अडली?

चिक-फिल-एने माघारीचं कारण चांगल्या चिकनचा पुरवठा टिकवण्याचं दिलं होतं. त्यामागचं गणित शेडमध्ये आहे.

अमेरिकेत एकाच गादीवर एकामागून एक अनेक बॅच वाढवण्याची पद्धत आहे. त्यामुळे मागच्या बॅचचा परजीवी पुढच्या बॅचच्या स्वागताला हजर असतो. तिथे वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच लशींमध्ये सौम्य न केलेले परजीवी असतात. त्यांनी आतड्याला थोडी इजा होते आणि वाढ काही दिवस मंदावते. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांतच विकला जातो, त्यामुळे ही तूट भरून काढायला वेळच उरत नाही.

त्यात इजा झालेल्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम हा जिवाणू शिरतो आणि आतडं सडवणारा आजार होतो. आयनोफोर या जिवाणूलाही दाबून ठेवतात. ती काढली, की एकाच वेळी दोन दारं उघडतात. बॅच आजारी पडून अँटिबायोटिक द्यावं लागलं, तर ती लेबलमधून बाहेर जाते आणि तिचा जास्तीचा भाव बुडतो. म्हणून उपचार लांबवले जाण्याची आणि पक्ष्यांचे हाल होण्याची भीती काही पशुवैद्यकांनीच बोलून दाखवली होती.

नॉर्वेने काय वेगळं केलं?

नॉर्वेत १९९५ मध्ये ॲव्होपार्सिन या अँटिबायोटिकवर बंदी आली. तरीही व्हॅन्कोमायसिन या माणसांच्या महत्त्वाच्या औषधाला दाद न देणारे जिवाणू कोंबड्यांमध्ये सापडतच राहिले. संशयाची सुई नॅरासिनकडे वळली. नॅरासिनला आणि व्हॅन्कोमायसिनला दाद न देण्याची जनुकं काही जिवाणूंमध्ये एकाच तुकड्यावर जोडलेली असल्याचं संशोधकांना दिसलं. म्हणजे एक औषध वापरत राहिलं, तर दुसऱ्याविरुद्धचा प्रतिरोधही टिकून राहू शकतो. आयनोफोर माणसं वापरत नाहीत, म्हणून ती पूर्ण निर्धोक आहेत, हा युक्तिवाद इथे कमजोर पडतो.

२०१४ मध्ये चिकनमधल्या प्रतिरोधी जिवाणूंच्या बातम्यांनी तिथली विक्री घसरली. त्यानंतर उद्योगाने स्वतःहून नॅरासिन सोडायचं ठरवलं आणि २०१६ च्या मध्यापर्यंत ते ब्रॉयलरच्या खाद्यातून गेलं. त्याची जागा लशीने घेतली. पण नॉर्वेत प्रत्येक बॅचनंतर गादी काढून शेड धुतात आणि एका फार्मवर किती कोंबड्या ठेवायच्या यावर कायद्याने मर्यादा आहे. शिवाय मुद्दाम सौम्य केलेल्या परजीवींची लस वापरली जाते. लस यशस्वी होईल अशी घडी तिथे आधीच बसलेली होती. अर्थात, नॉर्वेत चिकन स्वस्त नाही.

महाराष्ट्रात काय स्थिती?

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या आणि इतर पाळीव पक्षी आहेत, त्यातले ७.४ कोटी महाराष्ट्रात. इथेही ब्रॉयलरच्या खाद्यात आयनोफोर वापरली जातात आणि त्यांच्यावर बंदी नाही. केंद्राने कोलिस्टिन या अँटिबायोटिकच्या वापरावर जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. अन्नातल्या औषधांच्या अंशांबाबत एफएसएसएआयचे कडक नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. दिशा स्पष्ट आहे. औषधावरचं अवलंबित्व कमी करावं लागणार.

प्रश्न आहे तो खर्च कोण उचलणार याचा. राज्यातला बराचसा ब्रॉयलर व्यवसाय करारावर चालतो. पिल्लं, खाद्य, औषधं आणि लस कंपनी देते. शेड, वीज आणि मजुरी शेतकऱ्याची. त्याला वाढणावळ मिळते ती किलोमागे, आणि मरतूक किंवा खाद्याचा वापर वाढला तर ती कमी होते. खाद्यातलं औषध काढून लस द्यायची की नाही, हे कंपनी ठरवेल. पण पावसाळ्यात गादी ओली झाली आणि लशीचं गणित चुकलं, तर पहिला फटका शेड सांभाळणाऱ्याला बसेल. गादी वेळेवर हलवणं, निपल किंवा ड्रिंकरची गळती थांबवणं, पंखे लावणं, गर्दी कमी ठेवणं, ही सगळी कामं आणि त्यांचा खर्च त्याच्याच वाट्याला आहे. लशीकडे वळायचं तर वाढणावळीच्या करारातही त्याची नोंद व्हायला हवी.

परसातल्या गावरान कोंबड्यांचा प्रश्न वेगळा आहे. लशीच्या बाटल्या मोठ्या संख्येच्या हिशेबाने येतात आणि २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. दहा-वीस पिल्लांसाठी ते परवडत नाही. तिथे कोरडी जागा, पिल्लं मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवणं आणि रक्त दिसताच पशुवैद्यकाला दाखवणं हाच मार्ग आहे.

चिकन खाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

कोंबडीचा आयमेरिया माणसाला होत नाही. लस दिलेल्या कोंबडीचं मांस खाण्यात धोका नाही. २०२० च्या सुरुवातीला चिकनमुळे कोरोना होतो या अफवेने राज्यातल्या पोल्ट्रीवाल्यांचं कंबरडं मोडलं होतं. ‘कोंबड्यांना जिवंत परजीवी देतात’ असा एखादा फॉरवर्ड उद्या आला, तर तो पुढे ढकलण्याआधी हे आठवलेलं बरं.

आणि पाकिटावर ‘अँटिबायोटिक-फ्री’ दिसलं, तर विचारायचे प्रश्न दोन आहेत. यात आयनोफोर धरली आहेत का? आणि कोंबडी आजारी पडली तेव्हा तिला औषध मिळालं का?